माझ्या नावावरच्या ओळी

लोणावळ्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे म्हटलं की पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, चिक्कीचं सॉफ्टवेअर बनवता का. पूर्वी मी समजावून सांगायचे, आता सांगत नाही. शनिवार-रविवारी भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांचं बुकिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कोणता बंगला कुणाला दिला, कधीपासून कधीपर्यंत, जेवण हवं की नको, एवढाच त्याचा संसार. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस आहे. पावसाळ्यात तिथल्या भिंतींना बुरशी येते आणि सगळ्यांचे रुमाल पंख्याखाली वाळत असतात.

मी तिथे लागले ती कच्च्या नोकरीवर. वर्षभर काम बघू, मग पक्कं करू, असं मालकांनी सांगितलं होतं. या पक्कं होण्यावर आमच्या घरात आणखी एकीचं भवितव्य टांगलेलं होतं. माझी धाकटी बहीण त्या वर्षी दहावीला होती. तिला सायन्सला जायचं होतं, आणि मार्क मिळतील याची आम्हा सगळ्यांना खात्री होती. अडचण गावाची होती. आमचं गाव आंदर मावळात, पार आत. तळेगावच्या कॉलेजात प्रॅक्टिकल संपेपर्यंत आमच्याकडे येणारी शेवटची एसटी निघून गेलेली असते. मी स्वतः आठवडाभर लोणावळ्यात मावशीकडे राहत होते, तेही पोटमाळ्यावर, गव्हाच्या कोठीशेजारी. तिथे दुसरीला जागा नव्हती. वसतिगृहात एकटी ठेवायला वडील तयार नव्हते. म्हणून असं ठरलं होतं की मी पक्की झाले की बेगडेवाडी स्टेशनजवळ दोघींसाठी खोली घ्यायची. तिने लोकलने तळेगावला जायचं, मी लोणावळ्याला. वडिलांची अट एकच होती.

"कच्च्या नोकरीवर भाड्याची खोली न्हाई घ्यायची," ते म्हणाले होते. "आज हाय, उद्या न्हाई. पक्की झालीस की त्याच दिवशी जाऊन बोलतो मी खोलीवाल्याशी."

त्यांचं चुकत नव्हतं. माझ्या चुलतभावाला एका कारखान्याने तीन वर्षं कच्चा ठेवून घरी पाठवला होता, ते आम्ही पाहिलं होतं.

आता कामाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला की जुनं काही बिघडलं तर नाही ना, हे पाहावं लागतं. ते माणसाने रोज पाहायचं म्हटलं तर वेड लागेल, म्हणून त्याच्या टेस्ट लिहून ठेवतात आणि संगणक त्या आपोआप चालवतो. आमच्याकडे या टेस्ट साध्या वाक्यांसारख्या लिहीत. बुकिंगचं पान उघड, बंगला निवड, पाहुण्याचं नाव भर, पावती आली का बघ. या प्रत्येक वाक्याला कीवर्ड म्हणतात. एकदा कीवर्ड बनवला की कोणीही तो कुठल्याही टेस्टमध्ये वापरू शकतो. आमचे कीवर्ड इंग्रजीत असत, पण गंमत तीच.

गंमत अशी की आमच्याकडे जितकी माणसं येऊन गेली होती, तितक्या तऱ्हा त्यात होत्या. एकाने सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, दुसऱ्याने शब्दांमध्ये रेघा मारलेल्या, तिसऱ्याने नावंच अशी दिलेली की आत काय चाललंय ते त्याच्या बायकोलाही कळू नये. एकच बंगला निवडायला चार वेगवेगळे कीवर्ड होते आणि चारही कुणी ना कुणी वापरत होतं. मी नवीन, मला ते वाचताना डोळ्यांपुढे अंधारी यायची.

मग एक दिवस पुण्याचं एक मोठं गिऱ्हाईक आलं. त्यांच्या माणसाने आमच्या टेस्ट पाहिल्या आणि विचारलं, तुम्ही लिंटर लावत नाही का. लिंटर म्हणजे लिहिलेलं नुसतं वाचून तक्रारी करणारा प्रोग्राम. तो काही चालवून बघत नाही. नाव ठरल्या पद्धतीने दिलं नाही, दोन ओळींत जागा सोडली नाही, कीवर्ड फार लांबला, माहिती लिहिली नाही, अशा तक्रारींचा पाढा तो वाचतो. सासू बरी अशी त्याची नजर. मालकांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं की लिंटर लावा आणि तक्रारी शून्यावर आणा. चहाच्या मशीनजवळच्या पडद्यावर तक्रारींचा आकडा दिसू लागला. तो बघून सगळ्यांचा चहा गार व्हायचा.

हे काम अर्थात माझ्याकडे आलं. आमचा टीम लीड तळेगावचा. मऊ बोलणारा, रोज इस्त्रीचा शर्ट घालणारा. जुन्या टेस्टपैकी बहुतेक त्याच्याच. त्याने मला बोलावून सांगितलं की नवीन माणसाला सगळं शिकायला ही उत्तम संधी आहे, आणि पक्कं करण्याच्या वेळी मालक हे लक्षात ठेवतील. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मला नीटनेटकं आवडतं. आमच्या घरात भांड्यांची मांडणीही मीच लावते आणि कुणी हलवली तर भांडते.

उन्हाळाभर मी तेच केलं. नियम ठरवले, लीडकडून मान्य करून घेतले. एकेक फाइल उघडायची, नावं एका वळणाची करायची, चारांचा एक कीवर्ड करायचा, तो जिथे जिथे वापरलाय तिथे बदलायचा, टेस्ट चालवून बघायची आणि बदल माझ्या नावाने जमा करायचे. रोज पडद्यावरचा आकडा खाली यायचा. बाकीचे येता-जाता म्हणायचे, काय, आज किती घाण काढली. मावशी म्हणायची, तुज्या हापिसात झाडूवाली न्हाई का दुसरी.

या सफाईतच मला ती टेस्ट सापडली. एकाच दिवशी एक बंगला दोन पाहुण्यांना जात नाही ना, हे पाहणारी. आमच्या धंद्यात याहून महत्त्वाची टेस्ट दुसरी नाही. मी तिचं नाव सरळ केलं, माहिती लिहिली, आणि आत पाहिलं तर आत काहीच नव्हतं. पान उघडायचं, बंगला निवडायचा आणि पान बंद करायचं. तोच बंगला दुसऱ्या पाहुण्याला देऊन बघणारी पायरी नव्हतीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. अशी टेस्ट नापास होणं शक्यच नव्हतं, आणि वर्षानुवर्षं ती रोज हिरवी, म्हणजे पास, दिसत होती. ती लिहिली होती लीडने.

मी त्याच दिवशी चहाच्या वेळी त्याला सांगितलं. तो आधी पडद्याकडे बघत राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "आत हात घालू नकोस. आपलं काम नावं सरळ करण्याचं आहे. ते मी नंतर बघतो." मी म्हटलं, सर, पण ही टेस्ट काहीच तपासत नाही. त्यावर तो हसून म्हणाला की सगळं एकदम करायला गेलं तर मालकांनी दिलेली तारीख चुकेल, आणि माझ्या पक्कं होण्याच्या तोंडावर ते बरं दिसणार नाही. मी गप्प बसले. लीडने सांगितल्यावर कच्च्या नोकरीवरची मुलगी आणखी काय करणार होती? आजही मला त्यात माझी चूक दिसत नाही, आणि कुणी दाखवायला आलं तर मी ऐकून घेत नाही.

आकडा शून्यावर आला त्या दिवशी मालकांनी पेढे आणले. पुण्याचा माणूस आला होता, त्याच्यासमोर लीडने लिंटरवर छान भाषण केलं. शिस्त, एकसारखेपणा, संघभावना. त्याला पुष्पगुच्छ मिळाला. मला लीडने दोन पेढे दिले. मी एक मावशीला दिला.

त्याच सुमारास बहिणीचा निकाल लागला आणि मार्क अपेक्षेपेक्षाही चांगले पडले. वडील खोली बघून आले. एक खोली, पुढे ओटा, नळ बाहेर, पण स्टेशन जवळ. घरमालकीण एकटी बाई होती, दोघी बहिणी म्हटल्यावर तिला बरंच वाटलं. महिनाअखेरीस सांगतो, असं वडील तिला बोलून आले. बहिणीने आपल्या वह्यांना कव्हरं घालायला सुरुवात केली. अजून प्रवेशाचा पत्ता नव्हता आणि हिची कव्हरं चालली होती. मी तिला चिडवलं तर म्हणाली, "तू पक्की होनारच हायस ना ताई? मग माजं काय अडतंय?"

जूनच्या शेवटाला धबधबे बघायला मुंबई-पुणे लोणावळ्यात लोटतं. त्या शनिवारी मी गावाला होते. दुपारी लीडचा फोन आला. आदल्या आठवड्यात सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या एका बदलानंतर एकाच दिवसासाठी एक बंगला दोघा-दोघांना दिला गेला होता. एक नाही, अनेक बंगले. दोन-दोन कुटुंबं पोरंबाळं, कुकर, पिशव्या घेऊन एकाच पोर्चमध्ये उभी होती आणि बंगल्यांचे वॉचमन आमच्या मालकांना फोनवर शिव्या ऐकवत होते. आमच्या टेस्टने काही पकडलं नव्हतं. ती हिरवीच होती.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. काही निसटलं की मालक सगळ्यांना बसवतात, ती फाइल मोठ्या पडद्यावर उघडतात आणि तिचा इतिहास दाखवतात. त्यात प्रत्येक ओळीपुढे ती ओळ शेवटची कुणी बदलली त्याचं नाव येतं. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं आणि काय झालं ते सांगायचं. मालकांना ही रीत फार न्याय्य वाटते. त्यांचे वडील भाताच्या गिरणीत पोत्यांवर अशीच नावं घालून ठेवायचे, असं ते अभिमानाने सांगतात.

सोमवारी त्यांनी ती फाइल उघडली. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीपुढे माझं नाव होतं.

ते तसं असणारच होतं. फाइलमधली एकही ओळ अशी नव्हती की जिचं नाव, जागा, वळण मी सरळ केलं नव्हतं. त्या फाइलमध्येच काय, आमच्या सगळ्या टेस्टमध्ये, सगळ्यांनी इतक्या वर्षांत लिहिलेल्या ओळींवर, उन्हाळाभरात माझंच नाव लागलं होतं. शून्य तक्रारींचे पेढे खाताना हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी उभी राहिले. सांगितलं की मी फक्त वळण बदललं आहे, आतलं माझं नाही, आणि ही टेस्ट काहीच तपासत नाही हे मी तेव्हाच सांगितलं होतं. मालकांनी विचारलं, कुणाला. मी लीडकडे पाहिलं. सगळ्यांनीच त्याच्याकडे पाहिलं.

"मला तसं काही आठवत नाही," तो म्हणाला. "चहाच्या वेळी काय काय बोलणं होतं. नाव तर तिचंच दिसतंय, सर."

खोटं तो एवढंच बोलला. बाकी, नाव माझंच दिसत होतं हे खरंच होतं. उरलेली माणसं मूग गिळून बसली. त्यातले दोघे त्या दिवशी चहाला आमच्या शेजारीच उभे होते. मी पुढे झाले आणि मालकांच्या हातातून माऊस घेतला. त्या खोलीत आजवर कुणी तसं केलं नसेल. इतिहासाचा आधीचा थर उघडून दाखवला. माझ्या सफाईच्या आधी त्याच ओळींपुढे लीडचं नाव होतं, लख्ख. ते काही गुपित नव्हतं. ज्याला बघायचं त्याला ते कधीही दिसलं असतं.

मालकांनी पाहिलं. त्यांना कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून सांगू शकते. मग ते लीडकडे न बघता मला म्हणाले, "असेल. पण शेवटचा हात तुझा ना? घर झाडणाऱ्याला पाल दिसायलाच पाहिजे."

मला पाल दिसली होती. मी ओरडून सांगितलंही होतं. पण लीडला सगळी गिऱ्हाइकं ओळखत होती, पुण्याचा माणूस त्याच्याशीच बोलायचा, आणि मी गेले तर कुणाचं काय बिघडणार होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. तेव्हा मार्क मिळाले होते.

महिनाअखेरीस पत्र आलं. कामावरून काढलं नाही. कच्ची मुदत सहा महिन्यांनी वाढवली. मालकांनी वर समजूतही घातली की सहा महिने म्हणजे काय, असे जातील. त्यांच्या दृष्टीने ही दयाच होती.

घरी गेले तेव्हा वडील खाचरात चिखलणी करत होते. बांधावर उभी राहून मी सांगितलं. त्यांनी बैल थांबवले. मग म्हणाले, "तुजी चुकी हाय का यात?" मी नाही म्हटलं. "मग झालं," ते म्हणाले आणि बैलांकडे वळले. खोलीबद्दल मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेगडेवाडीच्या बाईंना फोन करून खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून कळवलं. मी वडिलांशी भांडले. म्हटलं, सहा महिन्यांचाच प्रश्न आहे, मी भरते भाडं. त्यांनी ऐकलं नाही. ज्यांनी एकदा असं केलं ते दुसऱ्यांदाही करतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या माणसांबद्दल माझं मत त्यांच्याहून वाईट होतं.

बहिणीने वडगावला कला शाखेत प्रवेश घेतला. तिथले वर्ग सकाळी असतात आणि दुपारच्या एसटीने घरी येता येतं. ती रडली नाही. मीच रडले, गोठ्यात जाऊन, आणि ती मला शोधत तिथे आली. "ताई, आर्ट्सला बी पोरी शिकत्यात," एवढंच म्हणाली. मला तिचा त्या क्षणी राग आला. तिने भांडायला हवं होतं. माझ्याशी, वडिलांशी, कुणाशीही.

ऑफिसात मी जात राहिले. लीडशी कामापुरतं बोलत राहिले. तो माझ्याशी आधीसारखाच मऊ बोलायचा, जणू काही झालंच नव्हतं. मला वाटतं त्याला खरंच तसं वाटत होतं. दिवाळीनंतर पुण्याच्या गिऱ्हाइकाने नियमांत बदल सांगितले आणि सगळ्या टेस्टचं वळण पुन्हा बदलायची वेळ आली. या खेपेला ते काम लीडने स्वतःकडे घेतलं. पहिल्याच दिवशी त्याने एक छोटी सेटिंग फाइल टाकली. नुसतं वळण सुधारणारे बदल त्यात नोंदले की इतिहास ते सोडून देतो आणि ज्याने मूळ ओळ लिहिली त्याचंच नाव दाखवतो. जुनीच सोय आहे. या धंद्यात मुरलेल्या माणसाला ती माहीत असते. त्याने त्यात फक्त स्वतःची सफाई नोंदवली. माझी उन्हाळ्यातली सफाई नोंदवली नाही, म्हणजे त्या ओळींपुढे नाव माझंच राहिलं.

मी त्याच्या टेबलापाशी गेले. "सर, हे माझ्या वेळी का नाही केलं?"

"तेव्हा लक्षात नाही आलं गं," तो म्हणाला. "बरं झालं आठवण केलीस. तुझंही टाकतो."

टाकलं नाही. मी दोन-तीनदा आठवण केली आणि मग सोडून दिलं. मीच टाकायला गेले तर तो बदल मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता.

लिंटरवर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहिते. लोकांना वाटत असेल. त्याने कधी म्हटलं नव्हतं की आतलं खरंखोटं मला कळतं. तो नावं बघतो, वळण बघतो आणि तक्रार असेल तर तोंडावर करतो. त्या दोन खोल्यांत एवढा प्रामाणिकपणा दुसऱ्या कुणाकडे मला दिसला नाही.

जानेवारीत मी पक्की झाले. पत्रात माझ्या शिस्तप्रिय कामाचं कौतुक होतं. लीडने हात मिळवला, मालकांनी पुन्हा पेढे आणले. वडिलांनी आपला शब्द पाळला. त्याच दिवशी त्यांनी बेगडेवाडीच्या बाईंना फोन लावला, आणि खोली नुकतीच रिकामी झाली होती. मी बहिणीला म्हटलं, पुढच्या जूनमध्ये पहिल्यापासून सायन्सला बस, एक वर्ष गेलं तर गेलं. ती नको म्हणाली. आमच्यात पोरीचं वर्ष असं सहज जाऊ देत नाहीत. तेवढ्यात चार जण मागणी घालायला येतात. ते तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. वडगावचे वर्ग घरून जमत होते, म्हणून खोलीवर मी एकटीनेच जायचं ठरलं.

सामान लावायला ती माझ्याबरोबर आली. भांडी तिने लावली, मी सांगेन तशी. संध्याकाळी तिला एसटी गाठायची होती म्हणून लवकर निघाली. ओट्यावर चपला घालताना तिने एकदा आत वळून पाहिलं.

"लय ऐसपैस हाय गं ताई," ती म्हणाली. "एकटीला."